रिपोर्टिंग टाइम सकाळी आठ

मागच्या आठवड्यात दादाने फॅमिली ग्रुपवर एका फ्लेक्सचा फोटो टाकला, आमच्या जिल्ह्यात होणाऱ्या "आंतरराष्ट्रीय खुल्या कराटे स्पर्धे"चा. वर तीन मोठे चेहरे, त्याखाली सात मध्यम, मग गोल चौकटीत अजून अकरा, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, निमंत्रक सगळे आहेत. मी झूम करून करून बघितलं, अख्ख्या फ्लेक्सवर कराटेचा ड्रेस घातलेलं एक पोरगं नाही. माझा भाचा त्यात खेळणार आहे, तेरा वर्षांचा आहे, गेले चार महिने पहाटे पाचला उठून प्रॅक्टिस करतोय. मी खाली एवढंच लिहिलं की यात खेळणारं कुठंय? झालं, दोन दिवस ग्रुप पेटला होता. दादा म्हणाला तुला तिकडं बसून बोलायला सोपं आहे, तिकडं पैसा आहे. काका म्हणाले फोटो लावल्याशिवाय स्पॉन्सर मिळत नाही. वहिनी म्हणाली पोरांना खेळायला मिळतंय ना, मग बास की. आणि एका चुलतभावाने नेहमीचा मुद्दा काढला की कराटे मुळात आपलं नाहीच, मर्दानी खेळ शिकवा पोरांना.

मला या प्रत्येकाशी बोलायचंय आणि ते दोन-दोन ओळींच्या मेसेजमध्ये होत नाही.

आम्ही सात वर्षं जपानच्या ओकिनावा बेटावर राहतोय. नवरा इथल्या ओन्ना गावातल्या विज्ञान संस्थेत आहे, मी घरून काम करते आणि लेक शाळा सुटल्यावर गल्लीतल्या डोजोत जाते. डोजो म्हणजे काय तर एका म्हाताऱ्या सेन्सेईंच्या, म्हणजे गुरुजींच्या, घराचा खालचा मजला, लाकडी फरशी, भिंतीला एक घड्याळ आणि कोपऱ्यात पाण्याची बादली. ज्या बेटावर कराटे जन्मलं तिथलं कराटे इतकं साधं आहे हे बघून मला पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता, आपल्याकडे क्लासच्या बोर्डावरच चार ड्रॅगन असतात.

इथे लहान मुलांची जागतिक कराटे स्पर्धा भरते. मोठ्यांची पहिली २०१८ मध्ये झाली आणि २०२२ च्या ऑगस्टपासून मुलांसाठी वेगळी सुरू झाली. यात कुमिते नाही, म्हणजे समोरासमोरची फाइट नाही, काता आहे, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवायच्या, आणि गट वजनाप्रमाणे न पाडता घराण्याप्रमाणे पाडतात, शुरी आणि तोमारीकडचं, नाहाकडचं (ही इथलीच जुनी ठिकाणं), उएची-र्‍यू, शिवाय काठी आणि साई या छोट्या त्रिशूळासारख्या हत्याराचं कोबुदो. शुरी ही र्‍युक्यू राज्याची जुनी राजधानी, हे राज्य १४२९ पासून १८७९ पर्यंत टिकलं आणि मग जपानने ते गिळलं. शुरीचा राजवाडा १९४५ च्या लढाईत जमीनदोस्त झाला, १९९२ मध्ये परत उभा केला आणि २०१९ च्या ३१ ऑक्टोबरला पहाटे जळाला. त्या सकाळी आमच्या शेजारच्या आजी अंगणात उभ्या राहून टीव्हीवरच्या आवाजाकडे कान लावून होत्या, आत जाऊन बघायचं धाडस होत नव्हतं त्यांना. नंतर तिथे परत सुतारकाम सुरू झालं आणि ते काम लोकांना बघता येईल अशी सोय करून ठेवली.

राजवाड्याच्या वाटेवर शुरेइमोन नावाची लाल वेस आहे, २००० येनच्या नोटेवर तिचंच चित्र आहे. वर पाटी आहे, अर्थ साधारण "रीतभात जपणाऱ्यांचा देश". चीनच्या बादशहाचे दूत यायचे तेव्हा राजा स्वतः इथपर्यंत चालत येऊन त्यांना वाकून घ्यायचा. म्हणजे ती वेससुद्धा मुळात बड्या पाहुण्यांसाठीच, हे मी दादाला आधीच कबूल करते. मोठ्यांचं स्वागत सगळ्या जगात होतं. पण आता ऑगस्टच्या घामात त्याच वेशीखाली जगभरातून आलेली आठ-दहा वर्षांची पोरं पांढऱ्या ड्रेसमध्ये फोटो काढत असतात आणि येणारेजाणारे म्हातारे थांबून त्यांना "मेन्सोरे" म्हणतात, म्हणजे या, आत या. ते बघितलं की मला आपलं कोल्हापूर आठवतं आणि पोटात कालवतं.

मागच्या खेपेला मी स्वयंसेवक होते, इंग्रजी-हिंदी बोलणारी म्हणून. खरं सांगायचं तर भाषणं इथेही असतात, आणि मुलं इथेही रांगेत उभी असतात. फरक एकच, पण तो मला फार मोठा वाटतो. हातात कार्यक्रमाचा कागद असतो त्यात मिनिटं लिहिलेली असतात, आणि ती मिनिटं कुणासाठी थांबत नाहीत. कुणी मोठा माणूस उशिरा आला तर तो मागून गुपचूप येऊन बसतो. मॅट आदल्या संध्याकाळी इथल्याच डोजोतल्या पोरांनी ओल्या फडक्याने पुसलेली, गुडघ्यावर बसून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाट बघत बसायला सावली, थंडगार जास्मिनचा चहा, बर्फ, आणि कुठे उभं राहायचं ते चित्रांनी दाखवलेलं, कारण आठ वर्षांच्या परदेशी पोराला जपानी वाचता येत नाही हे कुणीतरी आधी बसून विचारात घेतलं होतं.

एक छोटी मुलगी होती, मूळ घर भारतातलं, आईवडील दुसऱ्याच देशात स्थायिक, घरचे सगळे शाकाहारी. ओकिनावात हे किती अवघड आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळतं, इथे म्हण आहे की डुकराचं फक्त ओरडणं तेवढं आम्ही खात नाही, बाकी सगळं खातो. आणि भाजी म्हणून जे मिळतं त्यावरही वाळलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला. जेवणाच्या टेबलामागे एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं या बाळाला काय चालतं. अंडं? नाही. माशाचं पाणी? नाही. प्रत्येक उत्तर त्यांनी पेन्सिलने कागदावर लिहून घेतलं, मग दहा मिनिटांनी वेगळ्या तव्यावर, नुसत्या तेलात, कारलं आणि इथला घट्ट तोफू परतून आणला, सोबत मिठाचा भात. हो, कारलंच, इथे गोया म्हणतात आणि रोज खातात. पोरीने कारलं बाजूला सारलं, तोफू-भात सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी आजींनी कारलं घातलंच नाही. त्या मुलीचा काता पहिल्याच फेरीत संपला, नंबर वगैरे काही आला नाही. जाताना ती त्या आजींना शोधत आली होती.

आता दादाचा मुद्दा, पैसा. दादा, यातलं काय महाग होतं ते मला सांग. ओलं फडकं? पेन्सिल? वेळेवर सुरू करणं?

तीन वर्षांपूर्वी मी सुट्टीला आले होते तेव्हा याच भाच्याबरोबर एका स्पर्धेला गेले होते, कुठली ते सांगत नाही कारण हे एकाच ठिकाणचं नाही. रिपोर्टिंग टाइम सकाळी आठ. पोरं सहाला निघालेली, वजन जास्त भरू नये म्हणून अर्धी उपाशी. पत्र्याचा हॉल, पाण्याचा जार साडेनवाला संपला, मुलींच्या बाथरूमला कडी नाही, आया आळीपाळीने दार धरून उभ्या. उद्घाटन झालं पावणेबाराला. तोवर दीडएकशे पोरं मॅटवर रांगेत, बसू नका म्हणून माइकवरून ओरडणं चालू. पाहुणे आले, हार, शाल, नारळ, सत्कार, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. माझ्या भाच्याची पहिली मॅच दुपारी साडेतीनला लागली आणि दोन मिनिटांत संपली. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, आत्या, आपल्याला आठला का बोलावलं होतं गं? मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे खेळाची चर्चा होत नाही असं नाही, भरपूर होते. दहावी-बारावीचे वाढीव गुण, नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, त्यासाठी निघालेली बनावट प्रमाणपत्रं, बक्षिसाची रक्कम हरियाणात किती आणि महाराष्ट्रात किती, कुठली संघटना खरी आणि कुठली खोटी. कराटेत तर हा शेवटचा घोळ इतका झाला की २०२० मध्ये जागतिक महासंघाने भारतातल्या तेव्हाच्या संघटनेची मान्यताच काढून घेतली. हे सगळे प्रश्न खरे आहेत, गरीब घरातल्या पोराला त्या आरक्षणाने आयुष्य मिळतं हे मी आमच्याच गल्लीत बघितलंय. पण हे सगळं खेळ संपल्यानंतरचं झालं. खेळ चालू असताना ते लेकरू कुठे बसतं, काय खातं, किती वेळ उभं राहतं, यावर आपण कधी दोन दिवस भांडलोय का?

इकडचं सगळं सोन्याचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. जपानमध्ये खेळात मुलांना मारणं, घालूनपाडून बोलणं याची मोठी जुनी जखम आहे, ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेने २०२० मध्ये त्यावर अख्खा रिपोर्ट काढला होता आणि वाचून मला दोन रात्री झोप लागली नव्हती, कारण माझी पोरगी इथल्याच डोजोत जाते. मी सेन्सेईंना सरळ जाऊन विचारलं होतं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले केव्हाही येऊन बसत जा, दार उघडंच असतं. २०२२ मध्ये इथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा चक्क बंद केली, का तर आईबाप आणि कोच जिंकण्यापायी पोरांच्या मागे लागतात, वजन कमी करायला लावतात म्हणून. त्यावर इथेही वाद झाला, काहींना ते जास्तच वाटलं. पण स्पर्धा कुणासाठी आहे हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला आणि उत्तर आवडलं नाही तेव्हा स्पर्धाच थांबवली. मला ही हिंमत मोठी वाटते.

आणि चुलतभावाला एवढंच, की कराटे आपलं नाही हे ठीक, पण मग ते पूर्ण ओकिनावाचं तरी कुठंय. पूर्वी हा शब्द लिहायचे त्याचा अर्थ "चिनी हात" असा होता, "रिकामा हात" अशी अक्षरं १९३६ मध्ये नाहातल्या एका बैठकीत ठरली, २५ ऑक्टोबरला, आणि तो दिवस इथे कराटे दिन म्हणून पाळतात. चीनहून आलेलं, इथल्या मातीत मुरलेलं, मग जगात गेलेलं. तुझा पुतण्या जो हेइआन काता करतो ना, त्याचं मूळ नाव पिनान, शुरीच्या इतोसू आंको नावाच्या गुरुजींनी शाळकरी पोरांसाठी मुद्दाम सोपा करून बांधलेला, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. लहान पोरांना झेपेल असं काहीतरी बसून तयार करणारा माणूस आपला की परका, मला ठरवता येत नाही. मर्दानी खेळही शिकवा, जरूर शिकवा, माझी लेक सुट्टीत पंचगंगेच्या घाटावर लाठी फिरवायला शिकली तेव्हा तिचे सेन्सेई व्हिडिओ परत परत बघत होते.

सगळ्यात जास्त मला हे लागतं की हे आपल्याला येत होतं. कोल्हापूरला येत होतं. शाहू महाराजांनी पंजाबापासून कुठून कुठून मल्ल आणले, त्यांची राहण्याची, खुराकाची सोय केली, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान असं बांधून घेतलं की लांब बसलेल्या गरीब माणसालाही आखाड्यातली कुस्ती नीट दिसावी. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा सरकारी मदत अपुरी होती, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. पोरगं खेळायला निघालंय, त्याचं आपण बघायचं, एवढंच होतं ते. गावात कबड्डीचे सामने असले की खेळाडू घराघरात वाटून घ्यायचे, चुलीवर भाकऱ्या व्हायच्या, हे मी लहानपणी माझ्या आजोळी बघितलंय आणि खरं सांगते, असं घरात घेणं इथेही नाही, इथे माणसं प्रेमळ आहेत पण परक्याला थेट स्वयंपाकघरात नेत नाहीत. वहिनी, म्हणून म्हणते, "खेळायला मिळतंय ना" यावर थांबू नकोस. तू त्या दिवशी बाथरूमचं दार धरून दीड तास उभी होतीस, मी बघितलंय.

स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आहे आणि माझं तिकीट त्याच्या आधीच्या बुधवारचं आहे. काल दादाला फोन केला. म्हटलं, आयोजक तुझ्या ओळखीचे आहेत, तीनच गोष्टी विचार. पोरांना पाहुण्यांच्या वेळेला बोलवता येईल का, नाहीतर पाहुणे यायच्या आधी मॅचेस चालू करता येतील का, आणि पाण्याचे दहा जार आणि मुलींच्या बाथरूमची कडी मी माझ्या पैशाने करून देते, चालेल का. दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, कडीचं मी बघतो, आपला सुतार आहे. बाकीचं विचारतो.