मामा, ती शुक्राची चांदणी आहे

मांद्र्याच्या मामाने परवा रात्री साडेदहाला फोन केला. "तो मेसेज वाचलास?" वाचला होता. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकून झाला होता. थोडक्यात असा: अमेरिकी वायुदलाने 17 वर्षं चौकशी करून 701 परग्रहयानं मान्य केली, अमेरिकेत रोझवेलला परग्रहवासीयांचे मृतदेह सापडले, लडाखमध्ये आपल्या जवानांनी शेकडो तबकड्या पाहिल्या, पण प्रकरण दडपलं, आता त्या गोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात, दिसल्या तर पोलिसांना सांगू नका, साक्षीदार गायब होतात. मामाने एक स्वतः पाहिली म्हणे. तासभर समुद्रावर एका जागी, मग लाल-हिरवी होत पाण्यात.

701 हा आकडा खरा. वायुदलाची ती चौकशी, 'प्रोजेक्ट ब्लू बुक', 1969 साली बंद झाली तेव्हा 12,618 नोंदींपैकी तेवढ्या 'अनोळखी' राहिल्या होत्या. अनोळखी म्हणजे ओळख पटली नाही, एवढंच. पणजीच्या कदंब बसस्टँडवर बेवारस पिशवी सापडली तर ती मंगळावरून आली असं कोणी म्हणत नाही.

लडाखचं ऐकून मात्र डोकं फिरलं. दडपलं कुठे? 2013 साली पेपरांत छापून आलं होतं. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात पँगाँग तलावाजवळ ठाकुंगच्या जवानांनी असे दिवे 329 वेळा नोंदले, त्यातले 155 आपल्या हद्दीत घुसले असंही लिहिलं. त्यांना संशय परग्रहाचा नव्हता, चीनच्या टेहळणीचा होता. मग बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. शास्त्रज्ञांनी सांगितलं, दिवा कुठल्या ताऱ्याच्या किती जवळ आहे ते रोज टिपून ठेवा. टिपणं जुळवली तर एक निघाला गुरू, दुसरा शुक्र. त्या उंचीवरची हवा विरळ आणि स्वच्छ, ग्रह डोळ्यांत खुपावे इतके तेजस्वी दिसतात. थंडीत उभं राहून वही भरणाऱ्या त्या जवानांना हसायचं कारण नाही. हसू येतं ते त्यांच्या वहीचं उत्तर गाळून फक्त प्रश्न फिरवणाऱ्यांचं.

रोझवेलच्या बाबतीत एक कबूल करावं लागतं: सरकार खोटं बोललं होतं. 1947 साली तिथे पडलेली, 'हवामानाचा फुगा' म्हणून सांगितलेली वस्तू रशियाचे अणुस्फोट टिपण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांची होती, हे वायुदलाने 1994 मध्ये सांगितलं. लोकांना तबकड्या वाटलेल्या अमेरिकी यू-2 हेरविमानांच्या बाबतीतही तीच लपवाछपवी. लपवलं ते त्यांचं स्वतःचंच सामान. बाकी, पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, अशा नोंदी तपासणाऱ्या खास कार्यालयाने 1945पासूनच्या सरकारी चौकशा पुन्हा चाळून मार्च 2024 मध्ये अहवाल दिला. परग्रहाच्या तंत्रज्ञानाचा पुरावा एकाही चौकशीत नाही. यापुढे कोणाला वाद घालायचा असेल तर आधी तो वाचून यावा.

गोव्याचं म्हणाल तर जानेवारी 2023 पासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरतात. समोरून येणाऱ्या विमानाचा दिवा बराच वेळ जागचा हलत नाही. पेडण्यात कोणालाही विचारा.

पण ते "पोलिसांना सांगू नका" लिहिणाऱ्याला मी उभा करून विचारीन. गोव्यातच दाबोळीला नौदलाचा तळ. किनाऱ्यावर रात्री खरंच कोणाचं ड्रोन घिरट्या घालत असलं तर 112 ला फोन करायचा, की हा मेसेज वाचून दार लावून बसायचं?

मामाला मी एवढंच सांगितलं: अंगणात एकाच जागी उभा राहा, समोरच्या माडाची खूण धर, आणि तुझी तबकडी माडाआड कधी जाते ते चार दिवस लिहून ठेव.

पाचव्या दिवशी फोन आला. "रोज जवळजवळ त्याच वेळेला जाते रे." मग थोडं थांबून, "आणि गुरू कुठला?"

ग्रुपवरचा मेसेज त्याने अजून काढलेला नाही.