"नवा फोन घेतला की आधी स्किन उडवा": या सल्ल्यातलं किती खरं?

एक सल्ला सगळीकडे फिरतोय, तो साधारण असा: कंपन्या अँड्रॉइडवर स्वतःची जी स्किन चढवतात ती निव्वळ कचरा असते. फोन हातात आला की बूटलोडर (फोन सुरू होताना कोणती सिस्टिम चालू द्यायची हे ठरवणारा प्रोग्रॅम) अनलॉक करा आणि 'प्युअर अँड्रॉइड'ची कस्टम रॉम (बाहेरच्यांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती) टाका. फोन दुप्पट पळेल, बॅटरी वाढेल, जाहिराती जातील, फोन जास्त सुरक्षित होईल, आणि नाही पटलं तर अर्ध्या तासात मूळ रॉम परत टाका.

एका दमात बरेच दावे आहेत. त्यातले एक-दोन अर्धे खरे आहेत, म्हणून बाकीचेही खपून जातात. एकेक घेऊ.

"स्किन म्हणजे वरचं साल. ते काढलं की खाली प्युअर अँड्रॉइड"

खाली असं तयार काही नसतं. गूगलच्या एओएसपी या मुक्त कोडमधला डायलर, गॅलरी, कॅमेरा इतका जुजबी असतो की तसाच्या तसा कोणी वापरत नाही. ज्याला लोक स्टॉक म्हणतात तो पिक्सलचा इंटरफेससुद्धा गूगलची स्वतःची स्किनच आहे.

फोनमधलं सॉफ्टवेअर ढोबळमानाने चार थरांचं असतं. सगळ्यात वर लाँचर, म्हणजे होम स्क्रीन आणि आयकॉन दाखवणारं ॲप. त्याखाली कंपनीची ॲप्स. त्याखाली फ्रेमवर्क: नोटिफिकेशनचा पडदा, सेटिंग्ज, बॅकग्राउंडमधली ॲप्स कधी मारायची याचे नियम. आणि तळाला कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि मॉडेम (नेटवर्कची चिप), कॅमेरा, फिंगरप्रिंट यांचे ड्रायव्हर आणि बंद, म्हणजे कोड उघड नसलेल्या, फाइल्स. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आलं आणि कंपनी व चिपमेकरचे ड्रायव्हर वेगळ्या वेंडर पार्टिशनमध्ये, म्हणजे स्टोरेजच्या स्वतंत्र कप्प्यात, गेले. कस्टम रॉम वरचे तीन थर बदलते. तळाच्या बंद फाइल्स कंपनीच्याच राहतात, बहुतेकदा तिच्या शेवटच्या अपडेटमधून उचललेल्या.

म्हणून आधी तक्रार कोणत्या थरातली ते बघायचं. आयकॉन आणि होम स्क्रीन आवडत नसेल तर नवा लाँचर पुरतो. जाहिराती ॲप्समधून येतात. नोटिफिकेशन उशिरा येत असतील तर दोष फ्रेमवर्कच्या नियमांत. रेंज जाते, मॉडेम तापतो ही तळाची दुखणी. त्यांवर रॉम बदलून सहसा काही होत नाही.

"फोन दुप्पट वेगवान होतो"

या तुलनेतच गडबड आहे. बूटलोडर अनलॉक करताना फोनचा सगळा डेटा पुसला जातो. म्हणजे दोन वर्षं वापरलेला, ॲप्सनी भरलेला जुना सेटअप एका बाजूला आणि कोरी करकरीत सिस्टिम दुसऱ्या बाजूला. तुलना करायचीच तर कंपनीच्याच रॉमवर फॅक्टरी रिसेट करून आठवडाभर वापरा, आणि मग बोला.

फोन मंदावण्याची नेहमीची कारणं वेगळीच असतात. स्टोरेज काठोकाठ भरलं की फ्लॅश मेमरीला लिहायला मोकळे ब्लॉक मिळत नाहीत आणि साधं ॲप अपडेटही अडखळतं. स्वस्त फोनमध्ये वेगवान यूएफएसऐवजी मंद ईएमएमसी स्टोरेज असतं. कुठलीही रॉम टाका, त्याचा वेग तोच राहणार. तिसरं कारण हमखास दुर्लक्षित: मोठं सिस्टिम अपडेट झाल्यावर ॲप्स नव्याने कंपाइल व्हावी लागतात, आणि हे काम फोन चार्जिंगला लावून पडून असेल तेव्हा होतं. अपडेटच्याच दिवशी "फोनची वाट लागली" म्हणत रॉम शोधायला बसण्याआधी एक रात्र तो चार्जरवर सोडा.

चपळ भासायला हवं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये विंडो, ट्रान्झिशन आणि ॲनिमेटर या तिन्ही स्केल ०.५ वर आणा. 'दुप्पट वेग' म्हणून जे दाखवलं जातं त्यात याचाही वाटा असतो.

दाव्याचा खरा भाग एवढाच: ३-४ जीबी रॅमच्या फोनवर जड स्किन रॅमचा मोठा हिस्सा खाते आणि तिथे हलकी रॉम टाकल्याचा फरक खरोखर जाणवतो. ८ जीबीच्या फोनवर तो शोधावा लागतो.

"बॅटरी वाढते"

कधी वाढते, कधी घटते. गंमत म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी बॅकग्राउंडमधली ॲप्स निर्दयपणे मारणं ही स्किनवाल्यांचीच खोड. अलार्म वाजला नाही, मेसेज ॲप उघडल्यावरच आले, या तक्रारी त्यातूनच येतात. त्यासाठी रॉम बदलायला नको. सॅमसंगवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड यूसेज लिमिट्स उघडून ते ॲप 'नेव्हर स्लीपिंग'च्या यादीत टाका. शाओमीवर ॲप इन्फोमध्ये ऑटोस्टार्ट चालू करा आणि बॅटरी सेव्हर 'नो रिस्ट्रिक्शन्स'वर ठेवा. दोन्ही करावं लागतं. एकच केलं तर काही दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

"जाहिराती आणि ब्लोटवेअर (आधीच टाकून दिलेली नको ती ॲप्स) काढायला दुसरा मार्गच नाही"

आहे, आणि त्याला बूटलोडर उघडावा लागत नाही.

शाओमीच्या फोनवर सिस्टिम ॲप्समधल्या बऱ्याचशा जाहिराती एमएसए नावाच्या एका घटकातून येतात. सेटिंग्जमध्ये पासवर्ड्स अँड सिक्युरिटी, तिथे ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन, तिथे एमएसए बंद करा. इंटरनेट चालू हवं. दहा सेकंदांचं काउंटडाउन संपेपर्यंत बटण दाबता येत नाही, आणि पुष्कळदा पहिल्या खेपेला 'रिव्होक करता आलं नाही' असा संदेश येतो. फोन बिघडलेला नाही. पुन्हा करा, होतं. मग फाइल मॅनेजर, थीम्स, डाउनलोड्स या प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'रेकमेंडेशन्स' बंद करायचं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच.

जी ॲप्स अनइन्स्टॉलच होऊ देत नाहीत त्यांच्यासाठी एडीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देण्याचं साधन. अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर (शाओमीवर ओएस व्हर्जनच्या ओळीवर) सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स दिसतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. कॉम्प्युटरवर गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स उतरवा, केबल लावा, 'एडीबी डिव्हाइसेस' चालवा. पुढे 'अनऑथोराइज्ड' दिसलं तर फोनच्या स्क्रीनवर परवानगीची खिडकी वाट बघत असते.

पुढे घाई नको. आधी 'पीएम डिसेबल-युजर' वापरून ते पॅकेज फक्त झोपवा आणि आठवडाभर काही अडतंय का बघा. मगच 'पीएम अनइन्स्टॉल', 'युजर ०' या पर्यायासह. याने ॲप खरं तर त्या युजरपुरतंच काढलं जातं. मूळ फाइल रीड-ओन्ली सिस्टिम पार्टिशनमध्ये तशीच राहते. म्हणून जागा फारशी मोकळी होत नाही, ॲपची अपडेट्स आणि डेटा यांचीच होते. पण त्याच कारणाने परतीची वाटही खुली राहते: 'सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आणि पॅकेजचं नाव, की ॲप परत. फॅक्टरी रिसेटनेही सगळं परत येतं.

नेटवरच्या 'ही शंभर पॅकेजेस काढा' छापाच्या स्क्रिप्ट आंधळेपणाने चालवू नका. शाओमीवर 'फाइंड डिव्हाइस' किंवा 'सिक्युरिटी' ही पॅकेजेस काढली की फोन बूटलूपमध्ये जातो, म्हणजे पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो, आणि मग डेटा पुसण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही. मूळ लाँचरही काढू नये. अँड्रॉइड १० पासून जेस्चर आणि रीसेंट्सची (अलीकडे उघडलेल्या ॲप्सची) स्क्रीन त्यालाच जोडलेली असते. तो गेला की दुसऱ्या लाँचरवर होम चालतं, पण रीसेंट्स मरतं.

"बँकेची ॲप्स चालतात, फक्त एक मॉड्यूल टाकायचं"

आज चालतात. पुढच्या आठवड्याचं कोणी सांगू नये. ॲप्स गूगलच्या प्ले इंटेग्रिटीकडे (फोनशी छेडछाड झाली आहे का ते तपासणारी सेवा) विचारणा करतात आणि तिच्याकडून बेसिक, डिव्हाइस किंवा स्ट्राँग असा निकाल मिळतो. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर 'डिव्हाइस' निकालालाही हार्डवेअरमधल्या चावीचा पुरावा लागतो, आणि 'स्ट्राँग'साठी गेल्या वर्षभरातलं सिक्युरिटी अपडेटही. बूटलोडर उघडा असेल तर तो पुरावा तसं स्पष्ट सांगतो. मॉड्यूल, म्हणजे सिस्टिमला जोडायचे छोटे तुकडे, जे करतात ते म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी फोनची फुटलेली कीबॉक्स (त्या चावीची फाइल) वापरणं. गूगल अशा चाव्या शोधून रद्द करत राहते. चावी रद्द झाली की ॲप बंद, आणि नवी फुटलेली चावी शोधायची मोहीम पुन्हा सुरू.

शिवाय बऱ्याच फोनवर बूटलोडर उघडताच वाइडवाइनची (व्हिडिओच्या कॉपीसंरक्षणाची) पातळी एल१ वरून एल३ वर घसरते, म्हणजे पैसे भरून घेतलेला व्हिडिओ ४८०पीमध्ये बघायचा. सॅमसंगवर अनधिकृत फाइल फ्लॅश केली की नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा ई-फ्यूज (एकदाच जळणारी खूण) जळतो. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग पे त्या फोनवर कायमचे गेले.

"कॅमेऱ्याचं काय, जीकॅम टाका"

फोटो सेन्सर एकटा काढत नाही. एका क्लिकमागे अनेक फ्रेम जोडणं, रात्रीचा मोड, वेगवेगळ्या लेन्सचे रंग जुळवणं हे काम कंपनीच्या कॅमेरा ॲपमध्ये आणि त्याच्या खालच्या लायब्ररींमध्ये होतं. कस्टम रॉमवर ते ॲप बहुधा चालतच नाही. जीकॅमचे, म्हणजे गूगलच्या कॅमेरा ॲपचे, इतर फोनसाठी केलेले पोर्ट काही फोनवर सुंदर चालतात. काहींवर अल्ट्रावाइड किंवा टेलिफोटो लेन्स त्यांना दिसतच नाही, कारण कंपनीने ती बाहेरच्या ॲप्सना उघडी केलेली नसते. २०२१ च्या गॅलक्सी झेड फोल्ड ३ वर तर सुरुवातीला बूटलोडर अनलॉक केला की सगळे कॅमेरेच बंद पडायचे.

कॉलिंगबद्दल या सल्ल्यात अवाक्षर नसतं, आणि खरा धोका तिथे आहे. व्होल्टीसाठी, म्हणजे ४जीवरून कॉल करण्यासाठी, लागणारी आयएमएस सेवा अनेक फोनवर कंपनीच्या खास कोडमध्ये असते. जीएसआय, म्हणजे सगळ्या फोनना चालेल अशी सर्वसाधारण रॉम टाकली, की ती बरेचदा चालत नाही. इंटरनेट उत्तम, पण कॉल लागत नाही. जिथे २जी-३जी बंद झालं आहे तिथे आणीबाणीच्या कॉललाही दुसरा आधार उरत नाही. रॉम निवडताना 'व्होल्टी चालतं का' हा पहिला प्रश्न.

"कस्टम रॉम जास्त सुरक्षित"

उघडा बूटलोडर म्हणजे व्हेरिफाइड बूट, अर्थात सुरू होताना सिस्टिम मूळचीच आहे ना याची तपासणी, निष्प्रभ. फोन काही मिनिटं दुसऱ्याच्या हाती पडला तर बूट इमेज बदलता येते आणि फोन तसाच मुकाट सुरू होतो. ग्राफीनओएस ही रॉम पिक्सलवर स्वतःच्या चावीने बूटलोडर पुन्हा लॉक करू देते, म्हणून तो ठळक अपवाद. बहुतेक रॉमवर ही सोय नाही.

पॅचची तारीखही फसवी. लिनिएजओएस या कस्टम रॉमच्या अबाउटमध्ये दोन तारखा दिसतात: अँड्रॉइडचा सिक्युरिटी पॅच आणि वेंडरचा. पहिली ताजी असते. कंपनीने फोन वाऱ्यावर सोडलेला असेल तर दुसरी तिथेच गोठलेली, आणि मॉडेम व चिपच्या ड्रायव्हरमधली भोकं तशीच.

"नाही पटलं तर अर्ध्या तासात परत"

इथे सर्वांत जास्त फोन मरतात. कस्टम रॉम असतानाच बूटलोडर लॉक केला तर फोन उठत नाही. चीनसाठीच्या शाओमी हार्डवेअरवर ग्लोबल रॉम टाकून लॉक केला तरी तेच. जुनी रॉम परत टाकताना अँटी-रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परतू न देणारी सोय) आडवं येतं: पिक्सल ६ मालिकेत ऑगस्ट २०२२ च्या अँड्रॉइड १३ अपडेटनंतर अँड्रॉइड १२ वर परतणं बंद झालं. ईएफएस किंवा पर्सिस्ट पार्टिशन (त्या फोनच्याच खास नोंदी ठेवणारे कप्पे) बिघडलं तर आयएमईआय किंवा फिंगरप्रिंट जातं, आणि दुसऱ्याच्या फोनमधली ती फाइल आपल्याला चालत नाही.

शिवाय प्रत्येक फोनवर हा खेळ सुरूच करता येत नाही. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं थांबवलं, आणि सॅमसंगने २०२५ मध्ये वन यूआय ८ मधून अनलॉकचा पर्यायच काढला.

"जुना फोन टाकू नका, रॉम टाका"

हा एक दावा मात्र आम्हीही करू. कंपनीची अपडेट्स बंद पडलेला, पण बॅटरी आणि स्क्रीन ठीक असलेला फोन हा कस्टम रॉमचा खरा उमेदवार. २०२४ च्या गॅलक्सी एस२४ सारख्या, सात वर्षांची अपडेट्स जाहीर झालेल्या फोनसाठी ही घाई तर अगदीच नको.

फोन लिनिएजच्या अधिकृत यादीत आहे का, आणि त्याचा मेंटेनर (त्या फोनची रॉम सांभाळणारा) अजून सक्रिय आहे का ते बघा. मॉडेलचं नाव नव्हे, कोडनेम जुळवा; एकाच नावाच्या दोन फोनमध्ये वेगळी चिप असणं नित्याचं आहे. लिनिएजच्या पानावर सांगितलेलं फर्मवेअर व्हर्जन आधी फोनमध्ये हवं, नाहीतर इन्स्टॉल अडतं. मग त्यांचीच रिकव्हरी (सिस्टिम टाकण्या-पुसण्याचा वेगळा मोड) टाका, फॉरमॅट डेटा करा, आणि 'ॲप्लाय फ्रॉम एडीबी' निवडून कॉम्प्युटरवरून रॉम साइडलोड करा. कॉम्प्युटरवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबून 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस' असं विचित्र वाक्य आलं तर केबल उपटू नका, ते यशस्वीच असू शकतं, फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. गूगलची ॲप्स हवी असतील तर ती पहिल्या बूटच्या आधीच, रिकव्हरीतून टाकायची. सिग्नेचर जुळत नाही असं रिकव्हरी सांगेल, कारण ते पॅकेज लिनिएजच्या चावीने सही केलेलं नसतं. तिथे 'येस' म्हणायचं. आधी बूट करून मग टाकली तर पुन्हा फॉरमॅट डेटापासून सुरुवात.