बिनकामाचं बापपण

मुलगी झाली? अभिनंदन. आता तुम्ही काहीही करायचं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं खरं, पण घाबरू नका. तुमचं गेलेलं नाही, एक घर मागे सरकलंय.

फी, सहल, सायकल, सगळं आईमार्फत येऊ द्या. "बाबांचा मूड बघून विचारते" हे घरात ऐकू यायला लागलं की समजा, घडी बसली. पाहुण्यांनी मुलगी कितवीत आहे असं विचारलं तर तिलाच हाक मारा, "कितवीत गं तू?" पाहुणे हसतात. ती हसली का, ते बघायची गरज नाही.

मग बारावी. तुम्ही वेगळे राहत असलात तरी खरा मान इथे आहे. ओबीसी असाल तर जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तोही तुमच्याच घराण्याचा; वाढवलं आईने असलं तरी तिच्याकडचे कागद सहसा चालत नाहीत. मुलीचा मेसेज येईल: "बाबा, आजोबांच्या शाळेतला निर्गम उतारा हवाय, शुक्रवारपर्यंत." "बघतो" एवढंच लिहा. दोन दिवसांनी ती लिहील, "सॉरी, त्रास देतेय." हक्काचा कागद मागताना माफी मागणारी मुलगी! लोकांना यासाठी संस्कारवर्ग लावावे लागतात.

पुढे फायदाच आहे. एखादा मुलगा आठ दिवस गायब होऊन "बिझी होतो" म्हणाला, तर तिला खटकत नाही. परत आला याचंच अप्रूप. साहेब नुसतं "छान" म्हणाले की रविवारीही कामाला बसते. कधी उलटंही होतं: घराचं कर्ज, आईचं ऑपरेशन, सगळं एकटीने निभावते, कुणाकडे पाण्याचा ग्लास मागत नाही. दोन्हीकडे लोक म्हणतात, "किती समजूतदार!" श्रेय घेऊन टाका. (हल्ली काही पोरी समुपदेशकाकडे जातात म्हणे, आणि तिथे तुमचाच विषय निघतो. निघू द्या, पैसे तीच भरते.)

लग्नाला मात्र वेळेवर पोचा. फेटा बांधा, कन्यादानाला बसा, पाठवणीला भरपूर रडा; व्हिडिओवाला त्यासाठीच थांबलेला असतो. आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिचाही भावाइतकाच वाटा झालाय. त्यामुळे हक्कसोडपत्रावर सही हवी असेल, तेव्हा फोन स्वतः करा. नंबर तिच्या आईकडे असेल.