मालेगाव जिल्हा झाला? मग राजपत्र दाखवा

गेल्या आठवड्यात सटाण्याहून, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्याच्या गावाहून, मावशीचा फोन आला. "तू नकाशांचंच काम करतो ना रे? मग आपला जिल्हा बदलला हे आम्हाला शेजारणीकडून कळायचं का?" पाठोपाठ तिने फिरत असलेला मेसेजही पाठवला. महाराष्ट्रात २१ नवे जिल्हे, एकूण ५७. नाशिकचे तीन तुकडे, मालेगाव आणि कळवण वेगळे. १५ ऑगस्टपासून लागू. 'गूगलनेही नकाशा बदलला' म्हणून खाली एक रंगीत चित्र. आणि शेवटी लाल अक्षरांत: जुन्या जिल्ह्याचे सातबारे बाद होणार, १५ दिवसांत नव्या जिल्ह्याचे उतारे काढून घ्या.

यादी जुनीच आहे. २०२५ च्या २६ जानेवारीला हेच २१ जिल्हे होणार होते. तारीख पुढे सरकते, बाकी मजकुराला कुणी हात लावत नाही. त्यात 'माणदेश' नावाचा एक जिल्हा आहे. सातारा, सांगली, सोलापूर या तिघांत विखुरलेला तो मुलूख, त्याचं मुख्यालय कुठे हे यादी करणाऱ्यालाही सुचलेलं दिसत नाही. हसून सोडून दिलं असतं, पण मावशी तोवर उतारे काढून आली होती. दाखले-उतारे काढून देणाऱ्या एका केंद्रवाल्याने चार गटांचे उतारे 'नव्या जिल्ह्यात चढवून' देतो म्हणून तिच्याकडून हजार रुपये घेतले. म्हणून हे लिहायला बसलो.

तर आधी तो सातबारा. जिल्हा बदलला म्हणून जमीन जागची हलत नाही. गट नंबर तोच, खातं तेच, फेरफार तेच. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा निघाला. डहाणू-जव्हारच्या लोकांची जुनी खरेदीखतं आणि उतारे त्या दिवशी रद्दी झाले नाहीत. उताऱ्याच्या मथळ्यात जिल्ह्याचं नाव बदलायचं असेल तर ते सरकार आपल्या यंत्रणेत बदलतं, शेतकऱ्याने त्यासाठी रांगेत उभं राहायचं नसतं. आणि डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. चार गटांचे झाले साठ.

आता जिल्हा होतो कसा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४. हे एकच कलम वाचलं तरी अर्धे मेसेज मरतील. विभाग, जिल्हे, तालुके, गावं यांच्या हद्दी ठरवायच्या, बदलायच्या, नावं बदलायची तर राज्य शासनाला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. तीही एकदम नाही, आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती मागवायच्या, मग अंतिम. मालेगावसाठी असा मसुदा कुणी पाहिलाय? पाहिला असेल तर क्रमांक आणि तारीख पाठवा, मी जाहीर माफी मागतो. शिवाय जनगणनेसाठी देशभरच्या प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. मोजणी चालू असताना जिल्हेच बदलले तर प्रगणकाने घर कुठल्या जिल्ह्यात लिहायचं?

ते चित्र मात्र मी मोठं करून पाहिलं. बागलाण आणि मालेगाव एका रंगात, वर धुळ्याला चिकटलेले. रेघ ओळखीची वाटली. आमच्याकडचा लोकसभा मतदारसंघांचा थर त्यावर ठेवला आणि तंतोतंत बसला! मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे नाशिक जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेपासून धुळे लोकसभेत आहेत. कुणी तरी तेवढाच तुकडा कापून त्यावर 'मालेगाव जिल्हा' असं लिहून मोकळा झालाय. मतदारसंघाची रेघ वेगळी, महसुली तालुक्याची वेगळी, पोलीस ठाण्याच्या हद्दीची आणखी वेगळी. त्या एकमेकींवर बसतीलच असं नाही. कळवण, निफाड, येवला हे दिंडोरी लोकसभेत आहेत, म्हणून दिंडोरी जिल्हा झाला का?

'मालेगावला गाड्यांसाठी एमएच ४१ हा वेगळा क्रमांक मिळाला, म्हणजे वरून ठरलंय' हाही एक मुद्दा. बारामतीचा एमएच ४२ आहे, बारामती पुणे जिल्ह्यातच आहे. पुढे.

एक मात्र कबूल करावं लागेल. मालेगावला महापालिका आहे, अपर जिल्हाधिकारी आहेत, अपर पोलीस अधीक्षक आहेत, आणि जिल्ह्याची मागणी कित्येक दशकांची आहे. नाशिकला एका सहीसाठी शंभरेक किलोमीटर येणाऱ्याला हा मेसेज खरा वाटावा, यात त्याचा दोष नाही. नकाशे उशिरा बदलतात हेही खरं. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे १९९९ मध्ये झाले, तरी १३ तालुक्यांच्या फायली माझ्या हातात आल्या आहेत. पण नकाशा मागे पडतो, याचा अर्थ तो राजपत्राच्या पुढे धावतो असा होत नाही.

आमच्या कामात म्हणूनच जुनी रेघ खोडत नाहीत. तिच्या नोंदीत 'कधीपर्यंत' ही तारीख भरतात, नव्या रेघेला 'कधीपासून', आणि ती कुठल्या जिल्ह्यातून निघाली हेही लिहून ठेवतात. नाही तर काय होतं ते धुळ्यात बघा. १९९१ ला धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास, २००१ ला १७ लाख. आठ लाख माणसं गेली कुठे? घरातच होती. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला होता. एका नवशिक्या पोराने या दोन आकड्यांवरून मला 'दुष्काळी स्थलांतरा'चा आलेख काढून दाखवला होता, चांगला रंगीत. आणि अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं तेव्हा रेघ इंचभरही हलली नाही, फक्त नाव बदललं. या दोन्ही घटनांची नोंद वेगवेगळी होते. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक माहीत असण्याची अपेक्षा नाही, पण निदान तारीख तरी एक धरा.

रविवारी सटाण्याला जाऊन आलो. मावशीसमोर फोनवर १५ रुपये भरून एक उतारा काढला. तालुका बागलाण, जिल्हा नाशिक. मग तिने पिशवीतून केंद्रवाल्याने दिलेले चार काढले. त्यांच्याही मथळ्यावर जिल्हा नाशिकच होतं.