‘नेदरलँड्समध्ये कैदीच उरले नाहीत’: काकांच्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो, "नेदरलँड्स, जगातला सगळ्यात शहाणा देश, वाचा आणि विचार करा आपण कुठे आहोत." खाली हात जोडलेले आणि मग एकेक ओळ. तिथे कैदीच उरले नाहीत म्हणून तुरुंग बंद पडले. पंतप्रधानापासून सगळे सायकलवर, कारण पर्यावरणाचं प्रेम त्यांच्या रक्तात आहे. दवाखाना फुकट. गांजा कायदेशीर. अख्खा देश समुद्राच्या खाली. आणि शेवटी तोंडी लावायला टोमणा, की एवढे श्रीमंत असून महाकंजूष, पाहुण्याला एक बिस्किट देऊन डबा बंद करतात, घरी बोलावून चहाचे पैसे मागतात आणि ब्रेडवर चॉकलेटचे दाणे टाकून जेवतात. यावेळी तो काकांनी टाकला आणि मला टॅग करून विचारलं, "खरं का गं हे?"

काका, राग मानू नका, पण नऊ वर्षं इथे आम्स्टेलवेनमध्ये काढल्यावर हे वाचून आता हसू पण येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक देईन.

तुरुंगापासून सुरू करू. तुरुंग बंद झाले हे खरं आहे, २०१४ नंतर बरेच झाले. हार्लेमचा तो गोल घुमटाचा तुरुंग आता पाहायला मिळतो, आत सिनेमागृह आहे, मुलं कॉलेजला येतात, रूरमोंडच्या तुरुंगाचं चक्क हॉटेल झालंय. पण कैदी कमी झाले याचा अर्थ गुन्हेच संपले असं कुठे आहे? शिक्षा छोट्या झाल्या, पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून घरी ठेवायला लागले, आणि रिकाम्या कोठड्यांचा खर्च सरकारला परवडेना. मग त्यांनी काय केलं, तर चक्क भाड्याने दिल्या. टिलबर्गचा तुरुंग २०१० ते २०१६ बेल्जियमला आणि फेनहाउझनचा २०१५ ते २०१८ नॉर्वेला. तुमचा फॉरवर्ड बहुतेक तेव्हाच्या बातम्यांवरून तयार झालाय आणि तिथेच अडकलाय, कारण पुढची गोष्ट त्यात नाही. तुरुंगांत काम करायला माणसं मिळेनात, जागा पुरेना, आणि २०२३ च्या शेवटापासून अशी वेळ आली की कोर्टाने शिक्षा दिलेले काही लोक घरीच बसलेत, कारण आत यायचं बोलावणंच येत नाही. आणि गुन्हे म्हणाल तर ६ जुलै २०२१ ला पेटर आर. दे फ्रीस या देशभर माहीत असलेल्या क्राइम रिपोर्टरवर आम्स्टरडॅमच्या मध्यवस्तीत, संध्याकाळी, भर रस्त्यात गोळ्या झाडल्या, नऊ दिवसांनी तो गेला. त्या आठवड्यात इथे कुणालाही विचारलं असतंत ना, की तुमच्याकडे गुन्हेगार उरले नाहीत म्हणे, तर काय उत्तर मिळालं असतं सांगते तुम्हाला.

आता सायकल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त चीड मला त्या "रक्तातच आहे" वर येते. लोकसंख्या १ कोटी ८० लाख आणि सायकली २ कोटी ३० लाखांच्या आसपास, हे बरोबर. मार्क रुट्टे पंतप्रधान असताना सायकलवर ऑफिसला जायचे हेही बरोबर (आता ते नाटोचे प्रमुख आहेत, फॉरवर्डमध्ये अजून पंतप्रधानच आहेत). पण १९५० आणि ६० च्या दशकात याच लोकांना गाडीचं वेड लागलं होतं, रस्ते रुंद करायला घरं पाडत होते, चौकाचौकात पार्किंग. उट्रेख्टमध्ये तर शहराभोवतीच्या जुन्या कालव्याचा एक मोठा भाग १९७० च्या दशकात उपसून तिथे हायवे केला! तो कालवा परत पाण्याने भरला कधी, तर २०२० मध्ये. स्टेशनातून बाहेर पडलात की आज बोटी दिसतात, लोक फोटो काढतात, आणि कोणालाही वाटतं की हे चारशे वर्षं असंच असणार.

मधे काय झालं, तर माणसं मेली. १९७१ या एका वर्षात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास लोक गेले आणि त्यातली चारशेहून जास्त लहान मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गाडीखाली गेली, त्याने १९७२ मध्ये पेपरात लेख लिहिला, मथळा होता "स्टॉप दे किंडरमोर्ड", म्हणजे मुलांच्या हत्या थांबवा. त्या नावाने मग चळवळच उभी राहिली, आईबाप रस्ते अडवायचे, पोरं रस्त्यावर खेळायला बसवायचे. त्यात १९७३ ला तेलाचं संकट आलं, रविवारी गाड्या बंद, रिकाम्या हायवेवर लोक सायकली आणि स्केट घेऊन फिरले. तेव्हा कुठे सरकार हललं आणि वेगळे सायकलमार्ग बांधायला पैसे सुटले. म्हणजे रक्तात वगैरे काही नव्हतं हो, भांडून मिळवलंय, आणि अजूनही वर्षाला ७०० च्या आसपास लोक रस्त्यावर जातात, त्यात दोनशेहून जास्त सायकलवालेच असतात, म्हणून ते भांडण अजून चालूच आहे.

आणि सायकल चालवणारा डच माणूस पर्यावरणाचा विचार करत नसतो हो, त्याला ऑफिसला पोचायचं असतं. माझ्या ऑफिसातल्या बहुतेकांकडे गाडी पण आहे, देशात ९० लाखांच्या वर गाड्या आहेत. गावात पार्किंग महाग, सायकलला रस्ता मोकळा, दहा मिनिटांत काम होतं, संपलं. फिरायला येणाऱ्यांना एक सांगते, लाल रंगाचा जो गुळगुळीत पट्टा दिसतो तो फुटपाथ नाही. तिथे उभं राहून फोटो काढू नका, घंटी वाजेल आणि मागून जे ऐकू येईल त्याचं भाषांतर मी करणार नाही. सायकल भाड्याने घेतलीत तर कुलपं दोन लावा, त्यातलं एक साखळीने कशाला तरी बांधा. माझ्या दोन गेल्यात. "गुन्हेगार उरले नाहीत" म्हणे.

गांजा. कायदेशीर नाहीये! इथे त्याला "खेडोखन" म्हणतात, म्हणजे गुन्हा आहे पण आम्ही बघून न बघितल्यासारखं करू. १९७६ मध्ये कायद्यात सौम्य आणि घातक नशा वेगळ्या केल्या तेव्हापासूनचा हा कारभार. गांजाच्या दुकानाला एका गिऱ्हाइकाला दिवसाला ५ ग्रॅम विकता येतं, साठा ५०० ग्रॅमच्या वर नको, दारू नको, जाहिरात नको, अठराच्या खालचा आत नको. आणि गंमत म्हणजे पुढच्या दाराने विकलेलं चालतं पण मागच्या दाराने माल येतो तो बेकायदेशीर! हा घोळ पन्नास वर्षं चालला, आता कुठे डिसेंबर २०२३ पासून ब्रेडा आणि टिलबर्गने सुरुवात करून काही मोजक्या शहरांत सरकारी परवान्याने पिकवलेला माल विकायचा प्रयोग चालू आहे. बहुतेक नगरपालिकांच्या हद्दीत असं एकही दुकान नाही. आणि दुकानाला कॉफीशॉप म्हणतात. माझे सासरे पाटी वाचून "चला, कॉफी घेऊ" म्हणत आत शिरले होते आणि तितक्याच शांतपणे बाहेर येऊन म्हणाले, "इथे नको, धूर फार आहे." कॉफी प्यायची तर पाटीवर कॅफे शोधा.

फुकट दवाखाना, एका परिच्छेदात. २००६ पासून प्रत्येक मोठ्या माणसाला खाजगी कंपनीचा विमा घ्यावाच लागतो, महिन्याला माणशी दीडशे युरोच्या आसपास जातात, त्यावर वर्षातल्या उपचारांचे पहिले ३८५ युरो खिशातून. फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यातून वगळलंय आणि अठराच्या आतल्या मुलांचा हप्ता नाही, हे चांगलं आहेच. पण तो डॉक्टर बहुधा पॅरासिटामोल घ्या आणि आठवड्याने फोन करा म्हणतो, अँटिबायोटिक मागायला गेलात तर तुम्हालाच समजावून परत पाठवतो.

अख्खा देश समुद्राखाली? २६ टक्के. २००७ च्या हवामानबदलाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अहवालातसुद्धा ५५ टक्के छापलं गेलं होतं आणि नंतर दुरुस्ती करावी लागली, तेव्हा काका, तुम्ही एकटे नाही. आणि फॉरवर्डमध्ये मधेच "हॉलंड" लिहिलंय, तर हॉलंड म्हणजे बारापैकी दोन प्रांत, लिंबुर्ग या दुसऱ्याच प्रांताच्या माणसाला हॉलंडवाला म्हणणं म्हणजे नागपूरकराला "पुण्याचे का?" विचारण्यासारखं आहे.

आता बिस्किट. हा मुद्दा मला खोडता येत नाही कारण डबा खरंच बंद होतो, त्यावर डच लोक स्वतःच विनोद करतात. पण पूर्ण गोष्ट अशी, की दुसरी कॉफी आली की डबा परत उघडतो. कपामागे एक, असा हिशोब. पहिल्यांदा शेजारच्या आजींकडे गेले होते तेव्हा मी आपल्या सवयीने "नको नको" म्हटलं, आपल्याकडे कसं तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं, तर आजींनी "बरं" म्हटलं आणि डबा ठेवून दिला. त्या नाही म्हणजे नाही समजतात, मी उपाशी घरी आले, यात कंजूष कोण? घरी बोलावून चहाचे पैसे मागतात हे तर धादांत खोटं. टिक्की नावाचं बँकेचं ॲप आहे, २०१६ मध्ये आलं, बाहेर जेवलो की त्यावरून ज्याचा त्याचा वाटा मागतात, साडेतीन युरोसाठीसुद्धा, पहिल्यांदा मला पण कसंतरीच झालं. आता मीच पाठवते. बिलावरून कॅशियरसमोर ओढाताण करायची नाही, मनात "मागच्या वेळी मीच दिले होते" असं धरायचं नाही.

त्याच आजी वर्षातून एकदा एका संस्थेसाठी वर्गणीचा डबा घेऊन पावसात दारोदार फिरतात, कोणत्या आठवड्यात कोणत्या संस्थेचा डबा याचं देशभराचं वेळापत्रकच असतं. आणि मला फ्लू झाला होता तेव्हा त्यांनी वाटाण्याचं सूप आणून दिलं, ते इथे इतकं घट्ट करतात की चमचा उभा राहिला पाहिजे, त्यात सॉसेज घालतात, तर आमच्यासाठी सॉसेजशिवायचं वेगळं पातेलं लावलं होतं. फोन करून वेळ ठरवून आल्या एवढंच, न सांगता येत नाहीत.

राहता राहिलं ब्रेडवर चॉकलेटचे दाणे. काका, हे शंभर टक्के खरं आहे. त्याला हाखलस्लाख म्हणतात, मोठी माणसंसुद्धा खातात, टाय लावून, ऑफिसात, दुपारी. खाली लोणी लावायचं म्हणजे दाणे चिकटतात नाहीतर सगळे मांडीवर. आमची लेक आता पोळीवर घेते. खाली तूप लावून, गुंडाळी करून, आणि तिची स्वतःची आजी व्हिडिओ कॉलवर असली की फोन आधी भिंतीकडे वळवते.