खुलासा : ऐरोलीच्या खाडीत स्कूबा डायव्हिंग नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ऐरोलीच्या खाडीत स्कूबा डायव्हिंग सुरू झालंय, खडकांवरची प्रवाळं दिसतात, ‘ऑक्सिजन सिलिंडर’ भाड्याने मिळतो. सोबत फोटो निळ्याशार पाण्याचा. आपल्या खाडीचं पाणी असं कधी कुणी पाहिलंय?

ऐरोलीहून सुटते ती फ्लेमिंगो दाखवणारी बोट. तळाशी चिखल, आणि भरती-ओहोटी तो सतत घुसळत असते; आत उतरून दिसणार काय? हाच गाळ खारफुटीला पोसतो, प्रवाळाला मात्र गुदमरवतो. प्रवाळाला ऊन पोचेल असं स्वच्छ पाणी आणि चिकटायला खडक लागतो. तो मालवणात आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा दोन्ही एकत्र कालवली.

ऑक्सिजनचं प्रकरण जास्त गंभीर. सिलिंडरमध्ये सहसा दाबून भरलेली साधी हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपेक्षा खोल घेतला तर झटके येऊ शकतात. आणि ‘वर येताना श्वास रोखा’ हा मेसेजमधला सल्ला तर जिवावर बेतणारा. १० मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते, फुप्फुस फाटू शकतं. श्वास चालूच ठेवायचा.

मालवणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. बुकिंग त्या हिशोबाने करा.