पाच किलो, पस्तीस किलो आणि ‘एक करदाता’

महोदय,

अतिवृद्ध आणि अपंग शिधापत्रिकाधारकांना रेशनचे धान्य घरी पोचवावे, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्याखाली आपण ‘एक करदाता’ या नावाने दिलेली प्रतिक्रिया वाचल्यावर दोन दिवस उत्तर लिहायचे टाळले, कारण त्या दिवशी लिहिले असते तर ते छापण्याजोगे झाले नसते.

आपले जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. अन्नपूर्णा योजनेत निराधार वृद्धांना दरमहा १५ किलो धान्य मिळते, असे माझ्या लेखात होते. प्रत्यक्षात १ एप्रिल २००० रोजी ही योजना सुरू झाली तेव्हापासून ते प्रमाण १० किलो आहे. चूक माझी. मात्र ती दाखवून झाल्यावर ‘ज्याला दहा-पंधरातला फरक कळत नाही त्याने धोरणांवर लिहू नये’ हे शेपूट जोडल्याने आपला मुद्दा अधिक बळकट झाला, असे मला वाटत नाही.

खरे उत्तर द्यायचे आहे ते आपल्या पुढच्या वाक्याला. आपण लिहिता, ‘पाच किलो धान्य आणायला ज्याला पाय नाहीत, त्याला ते खायला तोंड मात्र बरे असते.’ हे वाक्य लिहिताना आपण कोणाकडे पाहत होता, हे मला समजून घ्यायचे आहे. पाच किलो हे प्राधान्य कुटुंबातील माणशी प्रमाण झाले. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांच्या, शिधापत्रिकेवर कुटुंबामागे ३५ किलो मिळतात, मग त्या कुटुंबात माणूस एकच का असेना.

माझी आत्या असे एकटीचे कुटुंब होती. भोर तालुक्यातल्या एका वाडीवर ती राहत असे आणि रेशनचे दुकान खालच्या गावात, पाऊण तासाच्या उतरणीवर होते. सत्तरी ओलांडल्यावर तिचे गुडघे गेले. शेजारचा एक मुलगा पोते डोक्यावरून वर आणून देई आणि ओझ्याचे म्हणून त्यातले पाच किलो तांदूळ ठेवून घेई. त्याला मी दोष देत नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडत असे. परंतु सरकारच्या हिशेबात पस्तीस आणि आत्याच्या कणगीत तीस, हा फरक वर्षानुवर्षे चालला आणि कोणत्याही नोंदवहीत तो दिसला नाही. आपण ज्याला ‘घरपोच सेवेचे चोचले’ म्हणता, ती सेवा आत्या विकतच घेत होती, आणि पैसे नसल्यामुळे तिची किंमत पोटातून देत होती.

पुढे दुकानात अंगठ्याच्या ठशावरून ओळख पटवणारे पॉस यंत्र आले. जन्मभर भातलावणी केलेल्या तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, अंगठा जुळेना, आणि दुकानदाराने तिला तीन वेळा हात हलवत परत पाठवले. अशांसाठी नॉमिनी, म्हणजे त्यांच्या वतीने धान्य उचलणारा माणूस, नेमण्याची सोय आहे, हे आपण मला मोठ्या उत्साहाने शिकवले आहे. मी अकरा वर्षे तालुक्याच्या पुरवठा शाखेत अव्वल कारकून होतो. ते अर्ज माझ्याच टेबलावर येत असत. अर्ज कागदावर मंजूर होतो, पण पुढे दरमहा आपला एक दिवस मोडायला तयार असलेला भरवशाचा माणूस लागतो. आत्याचा तो शेजारचा मुलगा पुढे शिरवळला कंपनीत लागला. त्यानंतर वाडीवर नॉमिनी व्हायला होते कोण? तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी जाऊ. तुम्ही तोंडाची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो, त्या दोघी पावसाळ्यात एकवेळ जेवत.

घरपोच धान्य कायद्यातच बसत नाही, यासाठी आपण दिल्ली उच्च न्यायालयाचा मे २०२२ चा आणि कलकत्ता उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२२ चा निर्णय पुढे केला आहे. दोन्ही निर्णय मला ठाऊक आहेत. ते सरसकट सर्वांना घरपोच धान्य देणाऱ्या योजनांविषयी होते. माझा लेख ज्यांना चालता येत नाही त्यांच्यापुरता होता. आमच्या खात्यात ‘द्वारपोच योजना’ हा शब्द रोज कानावर पडे, आणि त्यातले द्वार दुकानदाराचे असे! २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानेही धान्य रास्त भाव दुकानाच्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे; पण त्याच कलम २४ मध्ये लगेच पुढे, ते हक्कदार व्यक्तीला प्रत्यक्ष मिळेल याची खात्री करण्याचेही बंधन आहे. आपण पहिला भाग वाचून थांबलात. आंध्र प्रदेशाच्या बाबतीतही तेच. तिथल्या रेशन वाटणाऱ्या फिरत्या गाड्या जून २०२५ पासून बंद झाल्या हे आपण आनंदाने लिहिलेत, पण ६५ वर्षांवरील वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी घरपोच वाटप चालू ठेवण्यात आले, हे गाळलेत. तमिळनाडूने तर ऑगस्ट २०२५ मध्ये सत्तरीपुढचे वृद्ध आणि अपंग यांच्यासाठीच अशी योजना सुरू केली. वाचन पुरे करून मग शिकवायला बसावे, एवढीच विनंती.

दुकानदाराला क्विंटलमागे १५० रुपये मिळतात, त्यात तो घरोघर कसा हिंडेल, हा आपला आणखी एक प्रश्न. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते १७० करण्याचा निर्णय घेतला. दहा-पंधरातला फरक मोजणाऱ्याने हे वीस रुपयेही मोजावेत. खर्च कोणी सोसायचा ते वित्त विभागाने पाहावे, मी लेख लिहिला होता, अंदाजपत्रक नव्हे. वाटेत धान्य गळण्याची आपली भीती जुनीच आहे आणि तिच्यात मी आज शिरत नाही.

राहता राहिले आपण धारण केलेले नाव. कर मीही भरतो, आणि आत्याही साबणाच्या प्रत्येक वडीमागे भरत होती.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. मूळ लेखातील अन्नपूर्णेचा आकडा आज सकाळी दुरुस्त केला आहे. बाकी लेख होता तसाच आहे.